४०८ भागिले ४ किती? भागाकाराची साधनं नऊ महिने वापरल्यावर

गेल्या एप्रिलमध्ये दोन वस्तू मागवल्या. एक भागाकाराची फळी, माँटेसरीवाले जिला युनिट डिव्हिजन बोर्ड म्हणतात ती, आणि दुसरा स्टॅम्प गेम, म्हणजे रंगीत टाइलचा संच. नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी संध्याकाळी पाच-सहा पोरं शिकवणीला येतात, तिसरी-चौथीची. पाढे घडाघडा म्हणतात, भागाकार आला की पेन्सिल तोंडात.

आधी फळीबद्दल. लाकडी चौकोन, त्यात नऊ ओळींत नऊ-नऊ खळगे, सोबत ८१ हिरवे मणी आणि ९ सोंगट्या. १७ भागिले ५ करायचं तर वाटीत १७ मणी घ्यायचे, वर पाच सोंगट्या उभ्या करायच्या आणि फेरी लावायची. सगळ्यांना एक, मग सगळ्यांना दुसरा. तीन फेऱ्या होतात आणि वाटीत दोन उरतात. तिसरीतला एक जण ते दोन मणी हातात धरून बसला होता. "काकू, हे कोणाले देऊ?" कोणालाच नाही, दिले तर बाकीचे तिघं भांडतील. तीच बाकी. बाकी भाजकापेक्षा लहान असते हे वाक्य मी या पोरांकडून अजून एकदाही पाठ करून घेतलेलं नाही.

पण पहिल्या आठवड्यात निम्म्यांचं उत्तर १५ यायचं, कारण फळीवर दिसतात तितके सगळे मणी ते मोजायचे. एका सोंगटीला मिळालं ते उत्तर, हे रोज नव्याने सांगावं लागलं. साधन घेतलं म्हणजे शिकवणं वाचतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने पैसे वाचवावेत.

आता तक्रारी. खळगे इतके उथळ की हात लागला की मणी घरंगळतात. मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय बसणं शक्य नाही, त्या वाऱ्याने गणितांच्या चिठ्ठ्या खोलीभर आणि मणी कूलरच्या स्टँडखाली. आज ८१ पैकी ६८ शिल्लक आहेत. विकणाऱ्याकडे जास्तीचे मणी मागितले तर म्हणे अख्खा संच घ्या. ऑगस्टमध्ये डब्याचं सरकतं झाकण ओल धरून फुगलं, ते दिवाळीपर्यंत उघडायला चमचा लागायचा.

आणि फळीची धाव ८१ भागिले ९ पर्यंतच. ४० भागिले ४ सुद्धा तिच्यात मावत नाही, कारण दहावी ओळच नाही. दीड महिन्यात तिचं काम संपलं. ते काम अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि मूठभर चिंचोके यांनीही झालं असतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला परवडणारी, आसपास मिळणारी साधनं वापरूनच मुलांना शिकवलं होतं. हे मला माहीत होतं, तरी मी फळी मागवलीच. चकचकीत लाकूड बघून मन जातं.

स्टॅम्प गेमचे पैसे मात्र वसूल झाले. चौकोनी छोट्या टाइल, एककाच्या हिरव्या, दशकाच्या निळ्या, शतकाच्या लाल आणि हजाराच्या पुन्हा हिरव्या. (हा दुसरा हिरवा डोकेदुखी आहे. एका मुलीने १००० ची टाइल एककात टाकली आणि उत्तर बघून स्वतःच घाबरली.) आमच्याकडे या टाइलना 'नोटा' म्हणतात, नाव पोरांनीच ठेवलं. ५२ भागिले ४ घ्या. पाच निळ्या, दोन हिरव्या. चौघांना एकेक निळी दिली की एक निळी उरते. ती चौघांत कशी वाटणार? "सुट्टे करा ना काकू!" एका निळीच्या दहा हिरव्या आणल्या, आधीच्या दोन धरून बारा, प्रत्येकाला तीन. उत्तर १३. वहीत आपण 'एक उरला, त्याच्या शेजारी दोन खाली उतरवा' म्हणतो, तेव्हा तो एक म्हणजे दहाची नोट असते हे मलाही कोणी कधी दाखवलं नव्हतं.

इथे आपल्या आकड्यांची नावंही आडवी येतात. 'बावन्न'मध्ये पाच दशकं कानाला ऐकूच येत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा मीही हसणाऱ्यांत होते. आता नोटा मांडताना मीच 'पन्नास आणि दोन, म्हणजे बावन्न' असं म्हणते.

आणि ते सुरुवातीचं ४०८ भागिले ४. वहीत सगळ्यांचं उत्तर १२, एकालाही शंका नाही. टाइल मांडल्यावर प्रत्येक सोंगटीपुढे एक लाल आणि दोन हिरव्या, म्हणजे १०२. वाच म्हटलं तर 'बारा' म्हणायला तोंडच उघडेना, कारण लाल नोट समोर पडलेली. मग ३१२ भागिले ३ दिलं. तिथे एक निळी तिघांत जात नाही, सुट्टी करावी लागते आणि दशकाची जागा रिकामी राहते. १४ नाही, १०४. दोन दिवसांनी नुसत्या वहीत पुन्हा १४ आलंच. मग महिनाभर एकच पद्धत ठेवली. टाइलची एक चाल, वहीत एक ओळ, पुन्हा टाइल. हा पूल बांधायला जितके दिवस गेले तितके बाकी कशालाच गेले नाहीत.

दोन आकडी भाजकासाठी सोंगट्यांनाही रंग असतात. १५६ भागिले १२ करताना एक निळी सोंगटी म्हणजे दहा माणसं, शेजारी दोन हिरव्या. निळीला शंभराची एक नोट दिली की हिरव्यांना दहाची एकेक. उरलेल्या तीन दशकांतली तिन्ही निळीला, सहा एककांतले तीन-तीन हिरव्यांना. हिरवीला मिळाले १३, तेच उत्तर. मला स्वतःला हे पटायला दोन संध्याकाळी गेल्या, पोरांना अर्धा तास.

दोन्ही साधनांत एक उणीव सारखीच आहे. ती वाटायला शिकवतात, गट पाडायला नाही. '२४ लाडू, एका डब्यात ६, डबे किती' या गणिताला एकाने सहा सोंगट्या मांडल्या, उत्तर ४ आलं. मी म्हटलं, डबे दाखव. त्याने सहा सोंगट्यांवर बोट फिरवलं! उत्तर बरोबर, समज उलटी. अशा गणितांना सोंगट्या उचलून ठेवते आणि सहा-सहाचे ढीग करायला लावते.

तर फळी घेऊ नका, स्टॅम्प गेम घ्या, पण १०० च्या टाइल पुरेशा आहेत का ते आधी विचारा. दुकानदार मणी भरलेल्या नळ्यांचा मोठा संचही सुचवतो. तो मी घेतला नाही, बारीक मणी आणि आमचा कूलर यांचं जमणार नाही.

डिसेंबरात संत्री आली. एक सोललं तर ११ फोडी निघाल्या आणि पोरं तीन. कोणी काही सांगायच्या आत प्रत्येकापुढे तीन-तीन ठेवून झाल्या. उरलेल्या दोन फोडी माझ्या हातात देऊन चौथीतली म्हणाली, "बाकी तुमची, काकू."