१,४९९ चं विमान ठाणेकराला खरंच कितीला पडतं?

सेलचं तिकीट स्वस्त असतं, यात वाद नाही. ते कुणाला स्वस्त पडतं, हा खरा प्रश्न. पाठीवर एकच बॅग, मंगळवारी-बुधवारी निघायची तयारी आणि तारीख मागेपुढे करायची मुभा असेल, तर इंडिगो, आकासा, एअर इंडिया एक्सप्रेस किंवा स्पाइसजेटच्या सेलमध्ये पैसे नक्की वाचतात. शाळेच्या सुट्टीत अडकलेल्या तारखा, दोन मोठ्या बॅगा आणि बरोबर आजी-आजोबा असतील, तर जाहिरातीतला आकडा सरळ विसरावा.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. एकाच विमानातल्या सीट्स वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त गट छोटा असतो. तो संपला की पुढचा गट उघडतो आणि भाडं चढतं. सेलमध्ये कंपनी हा स्वस्त गट थोडा मोठा करते, तोही विमानं रिकामी जाण्याची भीती असते त्या महिन्यांत: जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत आणि पावसाळ्यात. गणपती, दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या बहुधा वगळलेल्या असतात. नियम-अटींमध्ये ‘ब्लॅकआउट’ तारखांची यादी असते. भाडं पाहण्याआधी ती वाचावी. जानेवारीत नव्या वर्षाचा सेल येतो, मे-जूनमध्ये पावसाळी, आणि ऑगस्टमध्ये वर्धापनदिनाचा. इंडिगोचं पहिलं उड्डाण ४ ऑगस्ट २००६ चं, आकासाचं ७ ऑगस्ट २०२२ चं.

गटांची ही पद्धत कुटुंबाला नडते ती अशी. एका बुकिंगमधल्या सगळ्या प्रवाशांना एकाच गटाचा भाव लागतो. स्वस्त गटात तीन सीट उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर चौघांनाही वरचा भाव दिसतो. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाव कुठे उडी मारतो ते कळलं की तीन आणि एक अशी दोन तिकिटं काढता येतात. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल, तर ते आणि निदान एक पालक एकाच पीएनआरवर ठेवा. एका पीएनआरवरच्या अशा मुलाला पालकाशेजारची सीट द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, २०२४ चा निर्देश आहे. त्यामुळे मुलाजवळ बसायला मिळावं म्हणून सीटचे वेगळे पैसे मोजायची गरज नसते. अडीच वर्षांच्या मुलाचं पूर्ण तिकीट लागतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शुल्क ठरलेलं असतं, सेलमध्ये ते उतरत नाही आणि कधीकधी आईच्या तिकिटापेक्षा बाळाचं महाग पडतं!

टॅक्सी गाडीमागे, शुल्क डोक्यामागे

तिकिटातल्या सगळ्याच रकमेवर सूट नसते. सूट मिळते ती मूळ भाड्यावर. देशांतर्गत प्रवासाचं २०० रुपये सुरक्षा शुल्क, इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क म्हणजे यूडीएफ, यांना कंपनी हात लावू शकत नाही. म्हणून ‘५० टक्के सूट’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती मूळ भाड्यावर आहे की एकूण रकमेवर, ते पाहावं. एकूण रकमेवर ती जवळजवळ कधीच नसते.

यूडीएफचा मुद्दा नवी मुंबईकरांसाठी महत्त्वाचा आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. तिथे सुरुवातीसाठी मंजूर झालेला देशांतर्गत यूडीएफ निघताना ६२० आणि उतरताना २७० रुपये होता. मुंबई विमानतळाचा २०२५ चा दर १७५ आणि ७५. म्हणजे जाऊन-येऊन माणशी ६४० रुपयांचा फरक, चौघांमागे २,५६०. हे दर अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी भाड्याचा तपशील उघडून यूडीएफची ओळ स्वतः बघा. नेरूळ, खारघर किंवा पनवेलहून टॅक्सीचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात हे खरं, पण टॅक्सीची बचत एका गाडीची असते आणि शुल्क दर डोई लागतं. एकट्यादुकट्याला नवी मुंबई परवडते. चौघांनी दोन्ही विमानतळांची एकूण रक्कम शेजारी-शेजारी लिहून मगच ठरवावं. नेरूळहून पहाटे सहार गाठायचा ताप किती रुपयांचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शोधताना ‘मुंबई’ लिहिलं की अनेक साइटवर दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जाताना एक आणि येताना दुसरा, अशी जोडी स्वस्त म्हणून वर येते आणि गाडी भलत्याच पार्किंगमध्ये राहते. मुंबईत टर्मिनल १ की २ हेही तिकिटावर पाहावं.

पहाटेचं विमान

सगळ्यात कमी भाडं बहुधा पहाटे पाच-सहाच्या किंवा रात्री उशिराच्या विमानाला असतं. ठाणेकराच्या हिशेबाला खरी गळती लागते ती इथे. दिवसा ठाण्याहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग मेट्रो ३ ने थेट टर्मिनल २ किंवा टर्मिनल १ चं स्टेशन. शंभराच्या आत काम होतं आणि पूर्व द्रुतगती मार्गावर काय चाललंय याची काळजी नाही. पण सहाच्या विमानासाठी पाचच्या आत काउंटर गाठावा लागतो (देशांतर्गत चेक-इन साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं), आणि त्या वेळी मेट्रो सुरूच झालेली नसते. मग उरते टॅक्सी. काळी-पिवळीचा फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर किलोमीटरला २०.६६ रुपये, आणि मध्यरात्र ते पहाटे पाच सव्वापट. कासारवडवलीहून टर्मिनल २ अठ्ठावीस किलोमीटर धरलं, तर दिवसा ५८० च्या आसपास आणि रात्री सव्वासातशे. अॅपवरच्या गाड्यांचा भाव पहाटे मागणीप्रमाणे आणखी वर जातो. घोडबंदर रोडवर रात्री अवजड वाहनं सोडतात, त्यामुळे ‘रस्ता मोकळा असेल’ या भरवशावर राहू नये. तासभराच्या रस्त्याला दीड तास धरा.

नवी मुंबई विमानतळाला लोकलने जायचं, तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ आणि तिथून उरणच्या गाडीने तरघर. उरण मार्गावर गाड्या विरळ आहेत, वेळापत्रक पाहूनच निघावं. तरघरहून टर्मिनलपर्यंत बॅग घेऊन पायी जाण्यासारखं नाही.

आता मांडून बघू. कासारवडवलीचं चौघांचं कुटुंब, बंगळूरूला जाऊन-येऊन, जाहिरातीत १,४९९. भाव आणि दर समजण्यापुरते धरले आहेत.

चौघांच्या दोन फेऱ्या १,४९९ ने ११,९९२ व्हायला हव्यात. पण चौघांना वरचा गट लागला, १,९९९ चा: १५,९९२. कन्व्हीनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगचं शुल्क, माणशी दर फेरीला ३०० धरली: २,४००. भाडं बिनबॅगेचं होतं, म्हणून १५ किलोच्या दोन बॅगा दोन्ही वेळा, प्रत्येकी १,०००: ४,०००. टॅक्सी जाऊन-येऊन १,४००. बेरीज २३,७९२, म्हणजे माणशी एका फेरीला २,९७४. छापलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याच दिवसाचं, १५ किलो सामानासह नेहमीचं तिकीट ३,२०० ला मिळत असेल, तर फी आणि टॅक्सीचा वाटा धरून ते ३,६७५ ला पडतं. वाचले माणशी सातशे. आता एकटा माणूस घ्या: १,४९९ अधिक ३०० फी, मेट्रोने गेला तर अधिक शंभर. १,८९९. त्याला नेहमीच्या तिकिटाला फी आणि मेट्रोसह ३,६०० लागले असते. त्याचे एका फेरीत सतराशे वाचले.

या हिशेबात सीटचे पैसे धरलेले नाहीत, कारण ते बहुतेकांनी भरूच नयेत. वेब चेक-इनच्या पानावर फुकट सीट शेवटच्या टोकाला, अगदी फिकट अक्षरांत असते. ‘वगळा’ किंवा ‘स्किप’ सापडेपर्यंत खाली जावं. विमा, जेवण, आधी बोर्डिंग यांच्या खुणा आधीच केलेल्या असतील तर काढाव्यात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी गुपचूप भर घालणं अनुचित प्रथा ठरते.

केबिन बॅगेचं माप साधारण ५५ × ४० × २० सेंटीमीटर आणि वजन ७ किलो. चाकांच्या बॅगेत चाकंसुद्धा मापात धरतात, आणि रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलोची असते. कापडी बॅग घेतली की तेवढे कपडे जास्त मावतात. जादा सामान काउंटरवर किलोमागे पाचशेहून जास्त पडतं, तेच आधी वेबसाइटवर घेतलं तर बरंच कमी. फक्त केबिन बॅग नेणाऱ्याने अडकित्ता, सुरी, मोठी कात्री घरीच ठेवावी. सुकं खोबरं मात्र चेक-इन बॅगेतही चालत नाही, गावाहून परतताना हे हमखास विसरलं जातं.

न गेलात तर

सेलच्या तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं असतं आणि लोक पैसे सोडून देतात. हे चुकीचं आहे. डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याहून जास्त असू शकत नाही. सगळे वैधानिक कर आणि यूडीएफ परत द्यावेच लागतात, सेलच्या तिकिटावरही, आणि विमानाला गेलाच नाहीत तरीही. नवी मुंबईहून १,४९९ चं तिकीट असेल, तर सुरुवातीच्या दराने ६२० यूडीएफ आणि २०० सुरक्षा शुल्क मिळूनच ८२० होतात, निम्म्याहून जास्त. कन्व्हीनियन्स फी मात्र गेली.

तारीख बदलायची असेल तर थांबा. बदलाचं शुल्क अनेकदा अडीच-तीन हजारांच्या घरात असतं, वर भाड्यातला फरक. सेलच्या तिकिटाला त्यापेक्षा रद्द करून नवं काढणं स्वस्त पडतं, कारण रद्द करण्याच्या शुल्कालाच मूळ भाड्याची मर्यादा आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढलेलं असेल आणि विमानाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असेल, तर बुकिंगनंतर निदान पहिल्या २४ तासांत दंड न भरता रद्द करता येतं. नावातली चूकही या २४ तासांत फुकट दुरुस्त होते. एजंट साइटवर शे-दीडशे वाचवणाऱ्यांनी हा हक्क आपण सोडतोय हे लक्षात घ्यावं.

कंपनीने उड्डाण रद्द केलं तर सेलवाल्याची बाजू लंगडी असते. वेळेत न कळवता रद्द केल्याची भरपाई उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, *किंवा* एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. मूळ भाडं सहाशे असेल तर भरपाईही सहाशेच. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सरकारने भाड्यांना मर्यादा घातली. ५०० ते १,००० किलोमीटरसाठी ती १२,००० रुपये होती, करांव्यतिरिक्त. दीड हजारांचा परतावा हातात घेऊन बारा हजारांचं तिकीट शोधायचं. लग्न, परीक्षा, मुलाखत असेल तर सेलच्या तिकिटाने आदल्या दिवशी जावं, त्याच दिवशी नाही. परतीचं विमान आणि पुढची गाडी यांतही असंच अंतर ठेवावं.

गोव्याबद्दल दोन ओळी. सेलमध्ये मोपा आणि दाभोळी हे तिथले दोन्ही विमानतळ येतात. सावंतवाडी, बांद्याकडे जाणाऱ्याला मोपा उत्तम; मडगावला जाणाऱ्याला तिथून टॅक्सीचेच एवढे लागतात की ठाण्याला थांबणारी वंदे भारत बरी पडते. फक्त पावसाळी वेळापत्रकात तिला जास्त वेळ लागतो, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. सेलची तारीख त्याहून लांबची असेल तर तुलना करायला रेल्वेचं तिकीट हाती नसतंच.

पैसे भरताना क्रेडिट कार्ड वापरा. गो फर्स्टने ३ मे २०२३ ला उड्डाणं थांबवली, तेव्हा पुढच्या महिन्यांची तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले. कार्डाने भरलेल्यांना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम परत फिरवून, मागायचा एक रस्ता तरी होता. कर-परताव्यासाठी कंपनीच्या साइटवर पीएनआर घालून ‘नो-शो’ किंवा ‘कर परतावा’चा अर्ज भरावा, अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा आणि उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक देऊन एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकावी. बिनविमानाच्या तिकिटाचे ८२० रुपये मागितल्याशिवाय कुणी आपणहून पाठवत नाही.