विमानतळाजवळचं हॉटेल: चार मुक्काम आणि दाराजवळची ती खाच

गेल्या दीड वर्षात आम्ही विमानतळाजवळच्या एकाच हॉटेलात चार वेळा राहिलो. दर वेळी कारण तेच. पहाटेचं विमान, दोन मुलं, सासरे, आणि घरून निघायचं म्हटलं तर मध्यरात्रीच गाडी काढावी लागणार. खोल्या किती मोठ्या, गाद्या कशा, पोहण्याचा तलाव आहे की नाही, हे सगळं त्यांच्या साइटवर फोटोंसकट आहे. शिवाय तलाव बघतंय कोण? पहाटे तीनला उठणाऱ्याला पलंग, गरम पाणी आणि वेळेवर सुटणारी गाडी एवढंच लागतं. मी लिहायला बसले आहे ते दाराजवळच्या खाचेबद्दल. जिच्यात खोलीचं कार्ड घातलं की वीज येते, ती.

हसू नका. त्या खाचेपायी आमचं विमान चुकता चुकता वाचलं.

आधी थोडं मागचं. पहिल्या मुक्कामानंतर मी या हॉटेलाला पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. खरं तर त्या वेळी मी दुसरंच हॉटेल ठरवत होते, थेट टर्मिनलच्या आत असलेलं. नवऱ्याने बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचलो. ते होतं सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या पलीकडे, म्हणजे एका विमानातून उतरून दुसरं पकडणाऱ्यांसाठी. आदल्या संध्याकाळी बॅगा घेऊन आलेल्या माणसाला तिथे पोचताच येत नाही, कारण सकाळच्या विमानाचं चेक-इनच उघडलेलं नसतं. ‘विमानतळाच्या आत’ असं वाचून भुलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

त्या पाच ताऱ्यांसोबत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘विमानांचा आवाज अजिबात येत नाही’. ते वाक्य मागे घेते. दुसऱ्या वेळीही आवाज नव्हता, पण तिसऱ्या वेळी विमानं रात्रभर डोक्यावरून घरघरत होती. खोली त्याच बाजूची, मजलाही तोच. बदलला होता वारा. विमानं वाऱ्याला तोंड करून उडतात आणि उतरतातही तशीच, त्यामुळे वारा फिरला की धावपट्टीची दिशा फिरते. आधीच्या दोन वेळी उड्डाणं आमच्यापासून लांबच्या टोकाकडे जात होती, या वेळी आमच्याकडे येत होती. खिडकीला दोन काचा आहेत, मध्ये हवेची पोकळी. इंजिनाची शिट्टी तिने अडते, पण खालच्या पट्टीतली घरघर येतेच. ती कानापेक्षा उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाला आधी कळते. तेव्हा एका मुक्कामावर कोणी ‘शांत’ किंवा ‘गोंगाट’ लिहिलं असेल तर त्या माणसाने हॉटेलाचं नाही, त्या दिवशीच्या हवामानाचं परीक्षण लिहिलंय असं समजा. मीही तेच केलं होतं.

झोपेचं म्हणाल तर दोष सगळा हॉटेलाचा नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर राहतो. आणि अशा हॉटेलात प्रत्येक रात्र पहिलीच असते. लिफ्ट वाजली की मी जागी, शेजारच्या खोलीत बॅगेची चाकं फिरली की मी जागी. नवऱ्याच्या मेंदूला मात्र बहुधा दोन्ही भाग उजवेच आहेत.

आता खाच.

ही व्यवस्था कशासाठी असते ते मला ठाऊक आहे. लोक एसी आणि दिवे चालू ठेवून बाहेर जातात, कार्ड काढून घेतलं की अर्ध्या मिनिटात सगळं आपोआप बंद. तत्त्व म्हणून उत्तम. आमच्या सासऱ्यांना तर ती खाच पहिल्याच दिवशी इतकी आवडली की घरी बसवता येईल का म्हणाले. बाबा आयुष्यभर आमच्या मागे फिरून दिवे बंद करत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे त्यांच्या विचारांचा विजय होता.

अडचण अशी की दिव्यांबरोबर प्लगही बंद होतात. संध्याकाळी खोलीत शिरायचं, सगळ्यांचे फोन लावायचे, खाली जेवायला जायचं, दीड तासाने परत यायचं आणि बघायचं तर सगळे फोन होते तिथेच. पहिल्या दोन मुक्कामांत यावर मी उपाय शोधला होता. पाकिटातलं वाचनालयाचं जुनं कार्ड खाचेत सरकवायचं. जुन्या पद्धतीच्या खाचेत आत नुसती एक कळ असते, ती कशानेही दाबली जाते. वाचनालयाची वर्गणी संपून तीन वर्षं झाली होती. कार्डाचे पैसे असे वसूल झाले.

तिसरा मुक्काम. दोन खोल्या. आमच्या खोलीत पलंगाजवळ एकच प्लग, तोही सैल, बोट लावलं की निखळणारा. बाबा आणि मुलगा होते त्या खोलीत टेबलावर चार प्लग ओळीने. म्हणून चारही फोन, पॉवर बँक आणि बाबांच्या कानाच्या यंत्राची चार्जिंगची डबी, सगळं तिथे लावलं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, म्हणून ती सकाळी सापडावी अशी अगदी फोनांशेजारी ठेवली. किती व्यवस्थित वाटत होतं मला!

रात्री दहाला मुलगा झोपला. खोलीत अंधार केला तेव्हा बाबांना दिसलं की खाचेला एक निळा दिवा आहे. छोटासाच, पण अंधारात थेट डोळ्यांवर येणारा. त्यावर टॉवेल टाकून पाहिला, टिकेना. मग त्यांनी शांतपणे कार्ड काढलं आणि उशीखाली ठेवलं. निळा दिवा गेला, एसी गेला (जो त्यांना नकोच होता), आणि आमचे चार फोन, पॉवर बँक, कानाची डबी हे सगळंही गेलं. फोन आधीच दिवसभराच्या धावपळीत उतरलेले होते. मध्यरात्रीनंतर कधीतरी एकेक करून ते विझले आणि त्यांच्याबरोबर तीनचे चारही गजर.

आम्हाला उठवलं ते खोलीतल्या जुनाट, वायरीच्या फोनने. पावणेतीनला. रिसेप्शनवर नाव लिहिताना तिथल्या मुलाने ‘उठवायचा फोन हवा का?’ या रकान्यावर बोट ठेवलं होतं आणि मी फुकट आहे म्हणून हो म्हटलं होतं. त्याच एका फुकट गोष्टीने आमची सुट्टी वाचवली. बाबांच्या खोलीतही फोन वाजला असणार, पण बाबांनी कानाचं यंत्र काढलेलं आणि नातू कुंभकर्ण. पाच मिनिटं दार ठोकल्यावर आतून आवाज आला, “कोण आहे? वीज गेलीय इथे.”

पुढचं पळापळीचं सांगत नाही. बोर्डिंग पास फोनात, फोन बंद. रिसेप्शनवरच्या मुलाने बुकिंग क्रमांक विचारला. तो मी कागदावर लिहून ठेवला होता (हसलेत ना सगळे त्या डायरीला!). त्याने पाच पास छापून दिले, पैसे घेतले नाहीत. बाबांचं यंत्र मात्र दिवसभर मुकं राहिलं आणि प्रत्येक घोषणेला ते “काय म्हणाली?” विचारत राहिले. मशीन बिघडलं अशीच त्यांची समजूत होती. आम्हीही सुट्टी संपेपर्यंत खरं सांगितलं नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. हॉटेल विमानतळापासून दोन किलोमीटर असं लिहिलंय, पण ते नकाशावर पट्टी ठेवून. मध्ये धावपट्टी आडवी येते, तिच्या कुंपणाला वळसा घालून जायला पंधरा मिनिटं लागतात. गाडी दर अर्ध्या तासाने असली तरी रात्री आधी नाव लिहावं लागतं. जागा माणसांच्या मोजतात, बॅगांच्या नाही. बऱ्याच कंपन्यांचं काउंटर परदेशी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, तेव्हा हव्या त्या गाडीच्या एक आधीच्या गाडीत नाव लिहा. नाश्ता साडेसहाला सुरू होतो, म्हणून पहाटे निघणाऱ्यांना डबा बांधून देतात. त्यात २०० मिलिलिटरचा रसाचा खोका असतो. २००६ साली विमानात द्रव स्फोटकं नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आल्यापासून १०० मिलिलिटरवरचा द्रव तपासणीतून नेऊ देत नाहीत. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे सूट मिळू लागली आहे, आमच्याकडे नाही. ज्यांचे सगळे पाहुणे विमानालाच जातात, त्या हॉटेलाला हे सांगायला आपण हवेत का? आम्ही पाच जण तपासणीच्या रांगेत उभ्या उभ्या एक लिटर रस प्यायलो. टाकून देणं मला जमत नाही.

पार्किंग सात दिवस फुकट, ही मोठी बचत. आमची सुट्टी नऊ दिवसांची होती. वरच्या दोन दिवसांचे पैसे घेतले, आणि त्या दोन दिवसांचा दर ऐकून मला उरलेले सात फुकट वाटेनासे झाले.

आता चौथा मुक्काम, गेल्याच महिन्यातला. या वेळी मी दुपारी दोनला, चेक-इन उघडताक्षणी हजर. पहिल्या वेळी रात्री दहाला पोचून तीनला निघालो होतो. भाड्याला पाच तासांनी भागून पाहिलं तेव्हापासून दोनच्या ठोक्याला येते. वाचनालयाचं कार्ड तयार. सरकवलं. वीज आली, मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं, आणि दहा सेकंदांत सगळं बंद. खाचा बदलल्या आहेत. नवीन खाच कार्डातली चिप वाचते, त्याच खोलीचं कार्ड नसेल तर ओळख देत नाही.

खाली गेले. दुसरं कार्ड द्या म्हटलं.

“मॅडम, एका खोलीला एकच.”

“खोलीत दोन माणसं आहेत.”

“पॉलिसी आहे, मॅडम.”

मागच्या वेळची सगळी हकिगत सांगितली. त्याने मन लावून ऐकली आणि विचारलं, “मग सरांनी कार्ड का काढलं?” याला काय उत्तर देणार? बाबा शेजारीच उभे होते आणि या वेळी कानाचं यंत्र पूर्ण चार्ज होतं.

तणतणत वर आले. टॉवेल द्यायला आलेली मुलगी माझी बडबड दारातून ऐकत होती. ती काही बोलली नाही. आत आली, कपाटाखालच्या छोट्या फ्रीजसमोर उकिडवी बसली, हात मागे घालून त्याचा प्लग ओढला आणि माझा चार्जर त्या जागी लावला. मग उठून खाचेतलं कार्ड काढलं. आम्ही दोघी अंधारात उभ्या. दिवे गेले, एसी गेला, फोनवरची विजेची खूण मात्र तशीच हिरवी. फ्रीजची लाइन वेगळी असते, पाहुणा बाहेर गेला म्हणून फ्रीज बंद पडू नये यासाठी. इतकी साधी गोष्ट, आणि मी दीड वर्ष वाचनालयाचं कार्ड घेऊन हिंडत होते.

पूर्वीचे पाच तारे मी तिसऱ्या मुक्कामानंतर दोनवर आणले होते. आता साडेतीन. अर्धा तारा त्या मुलीचा आणि एक वायरीच्या फोनचा. निळा दिवा अजून आहे. त्यावर मी घरून आणलेली काळी चिकटपट्टी लावली, निघताना काढून घेतली.

फ्रीजचा प्लग परत लावायचा राहिला, हे विमानात पट्टा बांधताना आठवलं. बाबा म्हणाले, “रिकामाच होता. बरं झालं, तेवढीच वीज वाचली.”