पांदणीत टायर बसला तर कोणता जॅक: बॉटल, फार्म जॅक की धुरावर फुगणारा

नागपुरात थार, जिमनी, गुरखा घेणारे वाढले तसा हा प्रश्नही वाढला, की कंपनीचा जॅक चालून जाईल का वेगळा घ्यावा, आणि घ्यायचाच तर बाटलीसारखा दिसणारा, तेलाच्या दाबावर चालणारा बॉटल जॅक, तो उंच दांड्याचा फार्म जॅक का सायलेन्सरच्या धुरावर फुगणारा एअर जॅक. रिंग रोडवर पंक्चर झालं तर कंपनीचाच पुरतो, डोकं लावायची गरज नाही. पण कुही-मांढळकडच्या पांदण रस्त्यात, कन्हानच्या रेतीत नाहीतर चिखलदऱ्याकडच्या गोट्यांत हवा जाऊन टायर बसला की हिशोब बदलतो, कारण तिथे जॅक किती टनाचा आहे यापेक्षा त्याच्याखाली काय आहे आणि वर तो गाडीला कुठे टेकतो ह्या दोनच गोष्टी कामाच्या. दुकानदार मात्र टनच सांगत बसतात. थार पावणेदोन टनाच्या आसपास, जिमनी तर सव्वा टनाच्याही आत, आणि उचलायचं एकच चाक असते, त्यामुळे दोन-तीन टनाचा कुठलाही बरा जॅक ताकदीत कमी पडत नाही.

(पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडलाच्या गेटच्या आतलं बोलत नाहीये, तिथे सफारीत गाडीतून उतरायचीच मनाई आहे, गाईड सांगेल तसं करायचं.)

आता जॅकच्या आधी टायर बघा राजेहो, कारण अर्ध्याच्या वर वेळा चाक उचलायची गरजच नसते. आपल्याकडे टायर जातो तो बाभळीच्या काट्याने, नाहीतर वावरात कापून ठेवलेल्या तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या खुंटांनी, ती तिरपी कापलेली असतात आणि वाळली की खिळ्यासारखी टणक होतात. भोक टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागात असेल तर गाडी थोडी पुढेमागे करून भोक समोर आणायचं, रस्सीवाला प्लग ठोकायचा, कॉम्प्रेसरने हवा भरायची, झालं, नट खोलायचं कामच नाही. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, सिगरेट सॉकेटवाल्या छोट्याने एवढा मोठा टायर भरता भरता जीव जातो आणि मोठा कॉम्प्रेसर सॉकेटला लावला तर फ्यूजच उडते. पण खुंट बाजूच्या भिंतीत घुसलं असेल तर प्लगच्या नादी लागू नका, ती भिंत चालताना सारखी वाकते, प्लग धरत नाही, तिथे चाकच बदलायचं. म्हणून ज्याच्याकडे पैसे एकाच गोष्टीचे आहेत त्याने पहिले प्लग किट आणि कॉम्प्रेसर घ्यावा, जॅक नंतर, हे माझं मत आहे आणि बाजारात कोणी असं सांगणार नाही.

आता जॅक. माझी पसंती बॉटल जॅकला, आणि कारण साधं आहे, तो ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या खाली लागतो. बॉडी नाहीतर चेसिस उचलली की आधी स्प्रिंग मोकळी होत जाते, चाक जमिनीवरच लटकत राहते, गाडी भरपूर वर गेली तरी चाक सुटत नाही. ॲक्सल उचललं तर स्प्रिंगचा प्रश्नच नाही, थोडं वर गेलं की चाक मोकळं, आणि गाडी जितकी कमी वर तितकी पडायची भीती कमी. जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, तिला हे फार सोयीचं. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर ह्यांना सलग ॲक्सल फक्त मागे, पुढची चाकं वेगवेगळी, त्यामुळे पुढे जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात बघून घरीच एकदा खाली वाकून नक्की करून ठेवा, चिखलात झोपून शोधू नका.

बॉटल जॅकची खरी अडचण उंचीची. टायर पूर्ण बसला की ॲक्सल खाली येते. थारच्या १६ इंची रिमवर २४५/७५ चा टायर आहे, म्हणजे टायरची भिंत साधारण १८ सेंटीमीटर, ती बहुतेक सगळी दबून जाते आणि ॲक्सलच्या नळीखाली जेमतेम वीसेक सेंटीमीटर जागा उरते. त्यात बंद असतानाच २३-२४ सेंटीमीटर उंच असणारा जॅक आणला तर तो हातात घेऊन बसायचं. म्हणून दुकानात टन विचारू नका, टेप घेऊन जा, बंद उंची मोजा, पूर्ण वर गेल्यावरची मोजा, वरचा स्क्रू फिरवून किती वाढतो ते बघा. बसलेलं चाक आधी एखाद्या चपट्या गोट्यावर नाहीतर फळीवर चढवून घेतलं तरी जागा मिळते. आणि जॅक गाडीत उभाच बांधून ठेवा, आडवा पडून राहिला की काही जॅकचं तेल झिरपते, आत हवा धरते आणि ऐन वेळी दांडा नुसताच खालीवर होतो.

खाली फळी पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. एक-सव्वा फूट चौकोनी, १८ एमएमचा प्लायवूडचा तुकडा, कुठल्याही सुताराकडे उरलेला मिळून जाते. काळ्या मातीत पावसाळ्यात फळी नसेल तर बॉटल जॅक गाडी वर नेण्याऐवजी स्वतःच खाली जातो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वरून घट्ट दिसत असली तरी आतून लोण्यासारखी असते. फळीनेही भागत नसेल इतका गारा असला तर दोन फळ्या आडव्या-उभ्या टाका.

फार्म जॅक, म्हणजे तो चार-पाच फुटी लोखंडी दांडा, छतावर बांधला की गाडी जाम भारी दिसते हे खरं आहे आणि विकत घेणाऱ्यांपैकी निम्मे त्यासाठीच घेऊन राहिले असं मला वाटते. तो मीटरभर उचलतो, साखळी लावून गाडी ओढताही येते, चाक खड्ड्यात फसलं तर वर उचलून खाली गोटे भरता येतात, म्हणजे फसलेली गाडी काढायला तो चांगलाच. पण टायर बदलायला? तो बॉडीला लागतो, म्हणजे वर सांगितलं तसं गाडी खूप वर न्यावी लागते, आणि एका दांड्यावर एवढ्या वर गेलेली गाडी बाजूला ढकलली जायला वेळ लागत नाही. वरून तो लावायला लोखंडी बंपर नाहीतर मजबूत रॉक स्लायडर (दाराखाली लावायचा जाड लोखंडी पाईप) लागतो, कंपनीच्या प्लास्टिक बंपरला लावला तर बंपरच निघून हातात येईल, आणि पायदानाचे पाईप तर वाकतातच. अलॉय चाकाच्या ताड्यांत (स्पोकमध्ये) हूक घालून चाक उचलायचा पट्टाही मिळतो, फसलेल्या चाकासाठी तो छान आहे पण जे चाक काढायचं त्यालाच धरून उचलण्यात काय अर्थ आहे. वजन १३ किलोच्या आसपास. आणि गाडी खाली घेताना दांडा हातातून सुटला तर स्वतःच धाडधाड वरखाली होतो, जबडा फोडायची ताकद असते त्यात, म्हणून तोंड कधीच दांड्याच्या रेषेत आणू नका, काम झालं की दांडा वर उभा करून ठेवा. पिनांत माती अडकली तरी तो चढत-उतरत नाही, तेल मारत राहावं लागते. ज्याच्याकडे लोखंडी बंपर, स्लायडर आणि वापरायची सवय तिन्ही आहे त्यानेच घ्यावा.

धुरावर फुगणारा एअर जॅक रेतीचा राजा. पाया एवढा रुंद असतो की कन्हानच्या कोरड्या रेतीत आणि काळ्या चिखलातही तो धसत नाही, फळीची गरज पडत नाही, ताकदही नाही लागत, गाडी चालू ठेवा, नळीचा कोन सायलेन्सरच्या तोंडाला दाबून धरा, पिशवी फुगत जाते. पण तोही चेसिसखालीच लागतो आणि वर गेल्यावर गाडी डुलते, त्यामुळे फुगल्यावर चेसिसखाली आणखी एक आधार लावल्याशिवाय नट काढायचे नाहीत. दोन सायलेन्सर असलेल्या गाडीत एक तोंड बंद करावं लागते, आणि उन्हाळ्यात पिशवी तापलेल्या सायलेन्सरला टेकली की काम तमाम. तुरीच्या खुंटांवर ठेवायचा असेल तर खाली जाड पोतं नाहीतर रबरी मॅट पाहिजेच, म्हणजे ज्या वावरात टायर फुटला तिथेच जॅकही फुटायची भीती, असा त्याचा प्रकार आहे.

मग कोणी काय घ्यायचं? फिरणं पांदणीचं, मुरमाचं, गोट्यांचं असेल आणि पावसात कधीमधीच, तर बॉटल जॅक आणि फळी, बाकीच्या पैशात चांगला कॉम्प्रेसर. नदीच्या रेतीत वरचेवर उतरत असाल नाहीतर भर पावसात काळ्या मातीत शिरायची हौस असेल तर बॉटल जॅकच्या जोडीला एअर जॅक, त्याच्याऐवजी नाही. कंपनीचा जॅक फेकू नका, पुढच्या चाकाला तोच पुस्तकात सांगितलेल्या जागी नीट बसतो, फक्त फळी खाली.

कोणताही जॅक असो, नट अर्धा फेरा आधी सैल करा, चाक जमिनीवर असतानाच. फोर-एल (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाका, गिअर टाका, हँडब्रेक ओढा, तरीही तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी गोटे लावा, आणि जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. मे महिन्यात ४५ अंशात पाना धरायला हातमोजे पाहिजे, ही गंमत नाही. कंपनीच्या एल पान्यावर उभं राहून नाचण्यापेक्षा लांब दांडा आणि आपल्या नटाच्या मापाचा सॉकेट घ्या. मोठे टायर टाकले असतील तर स्टेपनीही त्याच मापाची करा, लहान-मोठं चाक लावून फोर-व्हील टाकलं की पुढचा-मागचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) जातो, असं चाक लावावंच लागलं तर टू-व्हीलमध्येच हळू बाहेर काढा. नट एकाआड एक आवळा, आणि डांबर लागल्यावर चाळीस-पन्नास किलोमीटरने थांबून परत एकदा पाना लावून बघा.