शनिवारवाडा: ‘आत काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

‘आत बघण्यासारखं काही नाही, नुसतं गवत आणि दगड.’ शनिवारवाड्याबद्दल असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही. मी सुतार. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे नुसतं जोतं दिसलं तरी त्यावर किती खणांचं घर असेल याचा हिशोब डोक्यात सुरू होतो. माझ्या लेखी पुण्यात याच्या तोडीची जागा नाही.

छत्रपती साताऱ्याला आणि त्यांचे पंतप्रधान, म्हणजे पेशवे, इथे. राहणंही इथेच आणि दौलतीचा कारभारही इथूनच. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पाया घातला. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, तोही शनिवारच. खर्च १६,११० रुपये. साग जुन्नरकडच्या जंगलातला, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. तट, बुरूज, दरवाजे पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेले.

दिल्ली दरवाज्यापाशी घाई करू नका. पोरं तिथे फोटो काढतात आणि आत पळतात. फळीवरचे पोलादी खिळे किती उंचीवर आहेत ते बघा: हत्तीने धडक द्यायची म्हटली तर त्याचं कपाळ तिथेच येणार. दाराच्या एका फळीतच दिंडी, म्हणजे छोटं दार, कापलेली आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि एका वेळी एकच माणूस. एवढं थोरलं, जड दार रोज उघडायचं नाही म्हणून ही सोय, आणि बंदोबस्तही त्यातच. आतली वाटसुद्धा सरळ नाही, वळवलेली आहे, म्हणजे घुसणाऱ्याचा जोर तिथेच मोडतो. देवडीच्या, म्हणजे दारामागच्या पहाऱ्याच्या जागेच्या, भिंतीवर गणपती आणि शेषशायी विष्णूची रंगीत चित्रं पुसट उरली आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलात तर दिसतील.

मग नगारखान्यावर चढा. पायऱ्या उंच आहेत, म्हाताऱ्या माणसांना हात द्या. लाकडी खांब आणि महिरपी बघायला मिळतात त्या इथेच, कारण २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. मजल्यावर मजले सागाचे, आग कित्येक दिवस धुमसत होती.

राहिली ती जोती. तीच वाचायची. दगडी तळखडे दिसले की तिथे खांब होता असं समजा, आणि दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा. दिवाणखान्याची ऐसपैस मापं आपोआप कळतात. गणपती रंगमहालातल्या दरबाराचं इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियलने रंगवलेलं चित्र आहे, पेशव्यांच्या इंग्रजांशी झालेल्या १७९० च्या तहाचं. ते मोबाईलवर घेऊन जा आणि जागेवर उभं राहून ताडून बघा. हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, सवाई माधवरावांसाठी बांधलेलं. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणलं, ते वाड्यातही खेळवलं होतं.

एका गोष्टीचं वाईट वाटतं. मागे एक जण पाहुण्यांना वाडा दाखवत होता, तो ‘काका, मला वाचवा’ आणि अमावास्येच्या हाका यापलीकडे जाईना. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला इथेच झाला, ते खरंच. पण त्या पोराच्या मरणाची भुताटकी करून विकावी, हे मला पटत नाही. उत्तरेतल्या मोहिमांची पत्रं याच वाड्यात येत होती. मुलांना ते सांगा.

जायचं तर सकाळी लवकर. दुपारी दगड तापतात. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, गाडी आणून शिवाजी रस्त्यावर जागा शोधत बसू नका. आणि त्याच दिवशी बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा बघून या. तो दुसऱ्या बाजीरावांचा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि कोरीव सज्जा रस्त्यावरूनही दिसतो. आधी शनिवारवाड्यातले तळखडे, मग इथले खांब, याच क्रमाने बघा.