स्कॉलर, जेस्टॉर की शोधगंगा? आणि मग झोटेरो की मेंडेली?

टीवायचा प्रोजेक्ट असो की एमएचं डिझर्टेशन, रेफरन्स शोधायचे कुठे इथेच गाडी अडते. समजा विषय घेतलाय १९८२चा गिरणी संप, मुंबईत हा विषय घेणारं कोणीतरी निघतंच.

गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं अभ्यासपूर्ण लेख शोधायचं सर्च, तिथे टाकलंत की रिझल्ट्सचा ढीग येतो, लॉगिन नाही पैसे नाहीत, आणि प्रत्येक लेखाखाली ते 'सायटेड बाय' असतं ना, ते भारी आहे, एक चांगला लेख हाती लागला की त्याचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिलं ते बघत बघत पुढे जाता येतं. पण चाळणी नाही हो. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स तिथे चांगल्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात. सायटेशनचा आकडा बघूनही भुलू नका, जुन्या लेखाचा आकडा वाढलेलाच असतो, आणि कधी कधी लोक खोडून काढायलाच सायट करतात.

जेस्टॉर म्हणजे अभ्यासपूर्ण जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह, तिथे कमी सापडतं पण जे सापडतं ते बहुतेक वाचण्यासारखं. ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) मुंबईतूनच निघतं, त्याचे जुने अंक जेस्टॉरवर आहेत, म्हणजे संप चालू असताना लिहिलेलं थेट वाचायला मिळतं, नंतरच्या आठवणी नाहीत. फुकटच्या अकाउंटवर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड मात्र नाही. बऱ्याच जर्नल्सची अलीकडची वर्षं नसतात, त्यामुळे विषय ताजा असेल तर स्कॉलरच. इतिहास, समाजशास्त्र वाल्यांनी माझ्या मते जेस्टॉरपासूनच सुरुवात करावी.

आणि हो, नुसतं 'मुंबई' टाकून सर्च करू नका, नाव १९९५ला बदललं, आधीचं इंग्रजी लिखाण 'बॉम्बे'खालीच आहे.

शोधगंगा म्हणजे इन्फ्लिबनेटचं (विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं यूजीसीचं केंद्र), आपल्या विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध, चॅप्टरप्रमाणे पीडीएफ, मराठीतले पण. दर्जा एकदम वर-खाली. मी तर आधी बिब्लिओग्राफीची (संदर्भसूचीची) फाइल उघडते, मराठी पुस्तकं-पुस्तिकांची जी नावं स्कॉलरवर जन्मात दिसणार नाहीत ती तिथे मिळतात, मग ती घेऊन दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारायचं.

दर्जाचं म्हणाल तर यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'लिस्टमध्ये आहे ना, झालं मग' हे आता चालत नाही. संपादक मंडळावर कोण आहे बघा, रिव्ह्यू कसा होतो बघा, पैसे भरा आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलचा लेख सरळ सोडून द्या.

आता सेव्ह करायचं. झोटेरो आणि मेंडेली ही रेफरन्स साठवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, दोन्ही ब्राउझरमधून एका क्लिकवर घेतात, वर्डमध्ये सायटेशन टाकतात. मेंडेलीत फुकट जागा २ जीबी, झोटेरोत फक्त ३०० एमबी, म्हणून बरेच जण मेंडेली घेतात. पण झोटेरोची ती मर्यादा ऑनलाइन सिंकपुरती आहे, लॅपटॉपवर हव्या तेवढ्या पीडीएफ ठेवा. शिवाय मेंडेलीने मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्येच बंद केलं, आणि विरार लोकलमध्ये लॅपटॉप कोण उघडणार? झोटेरो ओपन सोर्स आहे, मेंडेली एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं. मी झोटेरोच सांगेन. फक्त सेव्ह केल्या केल्या लेखकाचं नाव आणि साल तपासा, स्कॉलरवरून घेतलेल्या पीडीएफमध्ये ते चुकलेलं असू शकतं आणि मग तीच चूक जशीच्या तशी बिब्लिओग्राफीत उतरते.