रॅम पुसून बघायची की नवीच घ्यायची?
परवा भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉपचं बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. दुकानदार म्हणतो रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, गेली. नवी टाकू का?"

आधी जुनी पुसून बघ, म्हटलं. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवायची, दोन्हीकडच्या क्लिपा बाजूला केल्या की रॅमची पट्टी तिरकी वर येते. तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कण झटकायचे, पुन्हा तिरकी सरकवून 'टक' होईपर्यंत दाबायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायचं. बिघडलेली लगेच कळते.

नवीला पैसे पडतात, पण चिपच गेली असेल तर दुसरा उपाय नाही. जुळणीही बघावी लागते, कारण रॅमच्या पिढ्या वेगळ्या: लॅपटॉपच्या डीडीआर४ ला २६० पिना, त्याआधीच्या डीडीआर३ ला २०४; एकीच्या जागी दुसरी बसत नाही. टिकण्यात मात्र नवीच सरस. पुसलेली पट्टी पावसाळी दमट हवेत पुन्हा रुसू शकते.

लॅपटॉप कधी चालू होतो, कधी नाही, असं असेल तर पुसणं बहुधा पुरतं. तीच पट्टी कुठल्याही स्लॉटमध्ये लावली तरी स्क्रीन काळीच राहत असेल, किंवा मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चुका दाखवत असेल, तर नवी घे. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असेल तर दोन्ही पर्याय बाद; थेट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे जा.