आठ महिने इंडक्शन शेगडी: बाकी सगळं ठीक, पण भाकरी?

वॅट, बटणं, काच हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. पहिल्या महिन्यात मी या शेगडीला एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. परवा ती दुरुस्त होऊन आली, म्हणून पुन्हा लिहायला बसलो.

मी सोलापूरचा. नोकरी लागली म्हणून बंगळुरूला आलो, खोली घेतली. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट भरून खिसा रिकामा, त्यामुळे गॅसच्या भानगडीत न पडता ही घेतली. आईने बांधून दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर ठेवला तर नुसती टुंय टुंय. बुडाला लोहचुंबक चिकटत नसेल तर भांडं तापत नाही. कुकर तेव्हापासून माळ्यावर आहे. फोनवर मात्र माझं वरण रोज त्यातच शिजतं.

पण माझा खरा राग भाकरीवरून. घरचा खोलगट तवा काचेवर मध्यभागीच टेकतो, म्हणून कडा कच्च्या आणि मधे डाग. सपाट बिडाचा घेतला. तरी दुसरी बाजू जाळावर धरायची कशी? जाळच नाही! तीन आठवडे मी पापडासारखं काहीतरी खाल्लं, शेंगाचटणीच्या आधाराने. एक स्टार त्याचाच.

आता मत बदललं ते असं. एका रविवारी थापण्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या. त्या विजयपूरच्या, मोडकंतोडकं मराठी येतं. परातीत बोट घालून म्हणाल्या, "पिठाला विरी नाही रे. शेगडी काय करेल?" मॉलमधलं पाकिटबंद पीठ, दळून किती दिवस झालेले कुणास ठाऊक. विरी म्हणजे चिकटपणा, तोच गेलेला. भाकरी चिरणारच. मग दिवाळीला गेलो तेव्हा उद्यान एक्स्प्रेसने दहा किलो मालदांडी ज्वारी आणली, दोन-दोन किलो दळून घेतो. इथे गिरणीला गिरणीच म्हणतात, हे कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं आणि तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरवायची, हेही अक्कांनीच दाखवलं. फुगते. पूर्ण नाही, एका बाजूने.

विजेचं सांगायचं तर 2000 वॅटवर अर्धा तास म्हणजे एक युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटं फुकट असं ऐकून आलो होतो. प्रत्यक्षात सूट ठरते जुन्या वापराच्या सरासरीवर, वर 10 टक्के. पहिले दोन महिने मी रोज मीटरचा फोटो काढायचो. घरी असताना बाबा पंखा बंद करत हिंडायचे तेव्हा हसायचो, ते आठवायचं.

टायमरला मात्र तोड नाही. सप्टेंबरमध्ये ताप भरला होता, उठवत नव्हतं. कसाबसा मऊ भात लावला, वेळ लावली आणि झोपलो. दोन तासांनी जाग आली तेव्हा शेगडी आपोआप बंद, भात कोमट. मीठ घालायचं राहिलं होतं. त्या रात्री दोन स्टार वाढवले.

मग सातव्या महिन्यात शेगडीतला पंखा बसला. सर्व्हिस सेंटरमध्ये खोलली तर आत झुरळ. "किडे वॉरंटीत नाहीत." मी हिंदीत भांडलो, इंग्रजीत भांडलो, शेवटी चार शब्दांच्या कन्नडमध्ये भांडलो. काउंटरवरच्या माणसाचं एकच उत्तर, "नाळे बन्नी." उद्या या. असे तीन उद्या झाले. साडेसहाशे रुपये गेले. वापरून झाल्यावर शेगडी भिंतीला टेकवून उभी ठेवा आणि खालच्या जाळीपाशी झुरळांचा खडू ओढा. हे मला साडेसहाशेला पडलं, तुम्ही फुकट घ्या.

आणखी एक, दूध तापवताना लांब जाऊ नका. कमी वॅटला ही सलग तापत नाही, थांबून थांबून उसळी मारते. आता गेलं असं वाटतं आणि जातंच.

एकूण चार स्टार. एक कापलाय तो भाकरीचाच. काल व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "जाळावर भाजलीस ना रे?" मी फुगलेली बाजू कॅमेऱ्याकडे धरली.